हातोडी

आधी हातोडी. डोळे नंतर.
डोळ्यांना काळा रंग फसवतो.
आडगाव नाक्यावर, रॅम्पखाली उताणा पडून
मी चासी वाजवत जातो, वीत वीत पुढं,
ठण्, ठण्, ठण्,
आणि मागच्या पाट्याच्या हँगरपाशी
भद्द.

“काय झालं?” वरून शोभना गायखे विचारतात.
मला फक्त त्यांच्या चपला दिसतात, टाचेला पळशाची काळी माती.
पिकअप जुनीच घेतलेली, तीन वर्षांमागं,
द्राक्षबागांना औषधं पोचवायला.
मोरचूद, गंधक, कसले कसले कॅन.
एखादा कलंडतो, बूच निसटतं,
फळीच्या फटीतून थेंब थेंब खाली.
लोखंड कण्हत नाही.
फुगतं नुसतं.

स्क्रूड्रायव्हर टेकवला मी. दाबला नाही, टेकवला.
मुठीपर्यंत आत.
तोंडावर पापुद्रे पडले, तळाशी उरलेल्या खारीसारखे.
थुंकलो. दातांत तरी राहिलेच,
जिभेला पाच पैशाच्या नाण्याची चव.

ग्राइंडर लावला. डांबर जळायचा वास,
खाली पुट्टी, पुट्टीखाली पट्टी.
पट्टी चौकोनी. शिवण सरळ आडवी.
आणि शेवटच्या टाक्याला
डावीकडं वळलेलं शेपूट.

डावखुऱ्या माणसाचं शेपूट.

ग्राइंडर बंद केला.
चाक बराच वेळ फिरत राहिलं.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी.
कुयटे शेट म्हणाले होते, गिऱ्हाईक परवा येतंय,
पोटातून चमकली पाहिजे.
गंज कापलाच नाही मी. गंजावरच पट्टी डकवली.
पाणी निघायची भोकं होती चार,
तीही बुजवली, ओघळ दिसू नयेत म्हणून.
वर दोन हात काळा.
वरून कीर्तन, आतून तमाशा,
अठराशे रुपये, आणि एक कटिंग.

नझीर उस्ताद तेव्हा होते. खाटेवर, पण होते.
मी त्यांना सांगितलं नाही.
ते एकच म्हणायचे, पाणी येणारच रे भिकन,
त्याला परत जायला दार ठेव.

मी रॅम्पखालून बाहेर आलो.
हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.
“ताई, ही शिवण माझी आहे.”
त्या वाकल्या, बघितलं.
त्यांना त्यात काय दिसलं असेल!
काळ्यात थोडं अधिक काळं.
बराच वेळाने म्हणाल्या,
“माझा पोरगा बसतो मागं, कॅन धरून.”

एवढंच.

मग बॅटरीची वायर सोडवली.
गंज संपतो तिथून पुढं चार बोटं कापत गेलो,
चांगलं लोखंड कापताना हात जड होतो,
तरी कापलं,
कड चांदीसारखी निघेपर्यंत.
सातपूरहून पत्रा आणला, मूळ जाडीचा,
पट्टी या वेळी शंकरपाळ्यासारखी कापली, तिरक्या कडांची,
वजन एका रेघेवर येऊ नये.
भोकं चारही मोकळी केली. एकातून
जुनी ओली माती निघाली, हिरवट,
मुठीत मावेल एवढी.
मग जस्ताचा हात, वाळू दिला, परत एक हात.
पोकळीत लांब नळी घालून मेण,
कोपऱ्यातून पाझरून बाहेर दिसेपर्यंत.

“फवारणीच्या दिवसांत,” मी म्हटलं,
“आठवड्याला खालून धुवा. साध्या पाण्यानं.
वरून नाही धुतली तरी चालेल.”
त्या पर्स उघडत होत्या.
“पत्र्याचे द्या ताई. हाताचे नको.”
“हाताचेही घ्या,” म्हणाल्या,
“नाहीतर पुन्हा रंगच लावाल.”

घेतले.

शेवटी परत खाली गेलो, हातोडी घेऊन.
ठण्, ठण्,
आणि हँगरपाशी
अगदी ठण् नाही.
ठन्न. जरा बसलेला,
पडसं झालेल्या माणसानं हाक मारावी तसा.

पुन्हा एकदा वाजवलं.
वरून त्यांनीही ऐकलं असावं,
चपला हलल्या नाहीत.